शिबिर उठल्यानंतरचे काम

२०१८च्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून माझ्याकडे जबाबदारी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेले हे महाविद्यालय बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी आहे आणि तिथे मी लोकप्रशासन शिकवते. ग्रामसभा, पंचायत समिती, माहितीचा अधिकार, लोकसेवा हक्क हे विषय अभ्यासक्रमात आहेत आणि आमची मुले परीक्षेत त्यांवर चांगली उत्तरेही लिहितात. मात्र त्याच मुलांच्या घरी आजीचे श्रावणबाळ योजनेचे पैसे थांबले, की घरची माणसे तहसीलसमोर बसणाऱ्या मध्यस्थाला गाठतात आणि पदवीच्या वर्गात बसणारा नातू त्याच्यामागे कागदांची पिशवी घेऊन उभा राहतो. हे अंतर मला अनेक वर्षे अस्वस्थ करत होते. त्यामुळे शंभर स्वयंसेवकांचे युनिट हाती आले तेव्हा मी एकच उद्दिष्ट ठरवले. दोन वर्षांनी बाहेर पडताना यांतील काही मुलामुलींना सार्वजनिक हिताचे एखादे काम पहिल्या अर्जापासून अखेरच्या निकालापर्यंत स्वतः नेता आले पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची आजची चौकट आहे. या चौकटीविषयी मला आदर आहे. घरातून पहिल्यांदाच बाहेर राहणारी मुले शाळेच्या खोलीत एका ओळीत झोपतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात, कोणत्या घरचा कोण हे न विचारता एका पंगतीत जेवतात. आमच्या भागात ही लहान गोष्ट नाही. पण सार्वजनिक कामाचे नेतृत्व शिबिरात घडते, असे मानायला माझे मन तयार नव्हते. शिबिराचा समारोप होतो, फलक उतरतो, पाहुण्यांची भाषणे होतात, आणि गावाचा जो प्रश्न सात दिवसांत समोर आला तो तसाच गावात राहतो. त्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी परत जात नाही. नेतृत्वाचे शिक्षण या परत जाण्यात आहे, असे मला वाटत होते आणि पुढच्या अनुभवाने ते मत पक्के झाले.

पहिल्या बैठकीत मी स्वयंसेवकांना, आपल्या माहितीतल्या एखाद्या नेत्याने केलेले एक काम लिहून द्यायला सांगितले. बहुतेकांनी भाषणे, मोर्चे आणि निवडणुका लिहिल्या. यात मुलांना दोष देता येणार नाही. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचा सार्वजनिक जीवनाशी संबंध लढ्यातून आला आहे. १९३८मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी निजामाच्या राजवटीत संप केला, त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केले. पुढे त्यांच्यातूनच मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. १९७४चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच उभे केले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातही विद्यार्थी रस्त्यावर होते, कारागृहात होते. हा वारसा मोठा आहे आणि दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदनाच्या वेळी मी तो मुलांना आवर्जून सांगते. त्याबरोबर हेही सांगते, की लढ्याने मिळालेला हक्क माणसाच्या घरापर्यंत पोहोचवायला कोणीतरी कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहावे लागते आणि त्या कामालाही तेवढेच धैर्य लागते.

महाविद्यालयांत नेतृत्व शिकण्याच्या जागाही कमी झाल्या आहेत. १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेनुसार नियुक्त्या होऊ लागल्या. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली, तरी आमच्या महाविद्यालयात तशी निवडणूक झालेली मी पाहिलेली नाही. त्यामुळे मतभेद असलेल्या लोकांना सोबत घेऊन निर्णय करण्याचा सराव मुलांना कुठेच मिळत नाही. तो सराव द्यायचा तर आधी पद देऊन नंतर काम शोधण्याऐवजी, काम समोर ठेवावे आणि ते उचलणाऱ्याकडे जबाबदारी द्यावी, असे मी ठरवले. युनिटमध्ये ‘प्रतिनिधी’ नेमले नाहीत. प्रत्येक कामाला एक जबाबदार स्वयंसेवक आणि त्याला एक जोडीदार, एवढीच रचना ठेवली.

दत्तक गाव ठरले ते तालुक्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावरचे, मुख्य गावठाण आणि दोन तांडे असलेले. तिथे कोणते काम घ्यावे याची चर्चा सुरू असतानाच एका विद्यार्थिनीने असे काही सांगितले, की आमच्या कामाची दिशाच बदलली. ती त्याच गावाच्या तांड्यावरची होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होती आणि बैठकीत तोपर्यंत एक शब्दही बोललेली नव्हती. ती म्हणाली, “मॅडम, शिबिर जानेवारीत घेतलं तर आमच्या गावात तुम्हाला म्हातारी माणसं भेटतील. बाकीचं गाव कारखान्यावर असतं.”

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आमच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि बारमाही पाणी नाही. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या गावात लागतात आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे हिशेबाच्या भाषेत एक कोयता, ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघते. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. लहान मुले आईबापांबरोबर उसाच्या फडाच्या कडेच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात आणि त्यांची शाळा सुटते ती पुष्कळदा कायमची. महाविद्यालयांची शिबिरे मात्र परीक्षांच्या सोयीने डिसेंबर-जानेवारीत होतात. म्हणजे ज्यांचे प्रश्न सर्वांत गंभीर आहेत, नेमकी तीच माणसे गावात नसताना आपण गावाचे सर्वेक्षण करतो आणि त्याचा अहवाल विद्यापीठाला पाठवतो. मुलीच्या त्या दोन वाक्यांत हे सगळे आले होते. सर्वेक्षणाची जबाबदारी तिच्याकडेच दिली.

काम ठरले ते असे, की यंदा कोणती कुटुंबे जाणार, त्यांची शाळेत जाणारी मुले किती आणि त्यांतील कोणती मुले आजी-आजोबांजवळ राहू शकतात, याची खरी यादी दसऱ्याआधी तयार करायची. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची शासकीय सोय आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मुलांचे जेवणखाण गावातच करायचे आणि त्यांना शाळेत टिकवायचे, असा तिचा हेतू आहे. जी मुले जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देता येते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावे. या गावात दोन्हींपैकी काहीच नीट होत नव्हते, कारण यादीच वेळेवर तयार होत नसे.

सर्वेक्षण कसे करावे याचे आमच्या विषयाच्या पुस्तकांत एक प्रकरण आहे. त्या मुलीने त्या प्रकरणाला फारसा हात लावला नाही. दिवसा सगळे सोयाबीनच्या काढणीला गेलेले असतात, म्हणून तिने वेळ संध्याकाळची ठरवली. परगावच्या स्वयंसेविकांना शेवटच्या गाडीने परतावे लागे, म्हणून तिने तांड्यावरच्या दोन-तीन घरी त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था केली आणि त्यांच्या पालकांशी मी स्वतः बोलले. प्रश्नावली घेऊन घरात शिरण्याऐवजी ती बाहेर ओट्यावर बसे आणि आधी उचल किती, कारखाना कोणता, गाडी कधी हे विचारी. मुलांचा विषय त्यानंतर आपोआप निघे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती मुकादमाकडे गेली. आमच्यातील काहींना हे पटले नव्हते; मुकादम हा शोषण करणारा, त्याच्याशी बोलायचे कशाला, असा त्यांचा सूर होता. तिचे म्हणणे साधे होते. गावातून कोण कोणत्या दिवशी, कोणत्या कारखान्याला निघणार याची अचूक यादी फक्त त्याच्याकडे असते आणि मुले मागे राहिली तर त्याची तक्रार असण्याचे कारण नाही. तिने ती यादी मिळवली. स्वतः लहानपणी कोपीत राहिलेल्या मुलीला जे माहीत होते ते कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मी शिकवू शकले नसते. माझे काम एवढेच होते, की तिच्या माहितीला निर्णयात जागा मिळेल असे पाहणे.

युनिटमध्ये आणखी एक विद्यार्थी होता, त्याचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. तो उत्तम वक्ता होता, वादविवाद स्पर्धांत त्याने पारितोषिके मिळवली होती आणि युनिटचा नेता तोच होणार असे सर्वजण गृहीत धरून चालले होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वसतिगृहाचा विषय मांडायचा ठरला, तेव्हा साहजिकच सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. मी त्यांना कायद्याकडे वळायला सांगितले. ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदारयादीतील लोक. तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तिने होते. बाहेरगावच्या स्वयंसेवकाला तिथे बोलण्याचा हक्क नाही, तो पाहुणा आहे. शिवाय ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी अशी तरतूद आहे, आणि हा प्रश्न मुळात आयांचा आहे. तेव्हा बोलायचे कोणी?

त्या संध्याकाळी झालेली चर्चा मला आजही महत्त्वाची वाटते. वक्त्या मुलाला आधी वाईट वाटले आणि त्याने ते लपवले नाही. “आपण काम केलं, तर मांडणीही आपणच करावी, नाही तर विषय वाया जाईल,” असे त्याचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते, कारण गावातल्या बायका ग्रामसभेत सहसा तोंड उघडत नाहीत. तांड्यावरच्या मुलीने त्याला सांगितले, की विषय वाया जाऊ नये म्हणूनच तुझी गरज आहे, फक्त ती सभेच्या आधी आहे. पुढचे काही दिवस तो दोन आयांबरोबर बसला. त्यांना काय म्हणायचे आहे ते त्याने त्यांच्या तोंडून ऐकले, ते चार वाक्यांत कसे बसवायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवले, विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून त्यांच्या नावाने अर्ज लिहिला आणि सूचक व अनुमोदक कोण असावे हेही त्यांनाच ठरवू दिले. सभेच्या दिवशी तो मागे, दाराजवळ बसला होता. एका आईने विषय मांडला. तिचा आवाज कापत होता, पण तिने उचलीचा आकडा आणि मुलांची नावे सांगितली, आणि एकदा नावे उच्चारली गेल्यावर सभेला तो विषय बाजूला सारता आला नाही. ठराव झाला. स्पर्धेतील कोणत्याही पारितोषिकापेक्षा त्या मुलाची त्या दिवशीची बैठक मला मोठी वाटली आणि मी त्याला तसे सांगितलेही.

ठराव झाल्यावर लोकांना वाटते काम झाले. खरे तर पाठपुरावा तिथून सुरू होतो. यासाठी आम्ही एक वही केली होती. तारीख, कार्यालय, भेटलेल्या अधिकाऱ्याचे किंवा कर्मचाऱ्याचे पदनाम, त्यांनी काय सांगितले आणि पुढची तारीख, एवढे पाच रकाने. व्यक्तीचे नाव लिहायचे नाही, पदनाम लिहायचे, हा नियम मी घातला. कारण तक्रार माणसाविरुद्ध नसून काम त्या पदाकडून व्हायचे आहे, हे मुलांच्या मनात ठसणे मला आवश्यक वाटत होते. अर्ज तोंडी द्यायचा नाही, दोन प्रतींत न्यायचा, बारनिशीत, म्हणजे आवक कागदांची नोंद होते तिथे, द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यायची. पोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजायचे. कोणाला साहेब म्हणून वाकायचे नाही आणि कोणावर आवाजही चढवायचा नाही. पहिल्या भेटीला मी सोबत जाई, पण कार्यालयाच्या बाहेर थांबे. ओळखीच्या अधिकाऱ्याला आधी फोन करून ठेवणे मला सहज शक्य होते. तसे केले असते तर काम लवकर झाले असते आणि मुले काहीच शिकली नसती.

ठरावाची नक्कल मिळायला वेळ लागला. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेल्यावर कळले, की आमची यादी आणि शाळेची यादी जुळत नाही. आम्ही घरे धरून मोजले होते, शाळेने हजेरीपट धरून. शाळेत नाव नसलेली मुले आमच्या यादीत होती आणि पटावर असलेली पण मामाच्या गावी राहणारी मुले शाळेच्या. काही स्वयंसेवक संतापले, त्यांना हा टाळाटाळीचा प्रकार वाटला. वास्तविक तो रास्त प्रश्न होता. जबाबदार मुलगी मुख्याध्यापकांकडे गेली आणि दोघांनी मिळून दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून तिसरी यादी केली, तिच्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या झाल्या. कार्यालयाने विचारलेला प्रश्न योग्य आहे की अडवणुकीचा आहे हे ओळखणे, आणि दोन्हींना वेगवेगळे उत्तर देणे, ही सार्वजनिक कामातली फार मोठी समज आहे. पुष्कळ तळमळीचे कार्यकर्ते इथेच थकतात, कारण त्यांना प्रत्येक शंका म्हणजे शत्रुत्व वाटते.

अडवणुकीचा प्रसंगही आला. प्रस्ताव पुढे गेला की नाही याचे उत्तर अनेक दिवस कुठूनच मिळेना. तेव्हा मुलांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२पासून असा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या मर्यादेत असावा अशी अट आहे. तिच्यावर टीका होते, पण आमच्या वर्गात तिचा एक चांगला उपयोग झाला. पहिला मसुदा दोन पाने होता आणि त्यात निम्मी व्यथा होती. तो १५० शब्दांत आणताना कोणती कागदपत्रे, कोणत्या कालावधीची, कोणाकडची, एवढेच शिल्लक राहिले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज गेला आणि मुदतीच्या आत उत्तरही आले, की प्रस्ताव एका त्रुटीसाठी परत पाठवला आहे. ती त्रुटी त्याच आठवड्यात दूर झाली.

त्या वर्षी दसरा १८ ऑक्टोबरला होता आणि ऑक्टोबर संपता संपता शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचाही तालुका त्यात होता. नेहमी न जाणारी कुटुंबेही त्या हंगामात निघाली. वसतिगृहाची मंजुरी आली तेव्हा काही गाड्या निघून गेल्या होत्या, त्यामुळे यादीतील सगळी मुले राहू शकली नाहीत; पण जी राहिली ती वर्षभर शाळेत बसली, आणि गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांजवळ हमी कार्ड होते. तांड्यावरची काही घरे आम्हाला शेवटपर्यंत मिळाली नाहीत. तेही वहीत लिहिले आहे.

जानेवारीतले शिबिर त्यामुळे वेगळे झाले. वृक्षारोपण आणि स्वच्छता फेरी होतीच. परंतु मुलांचा बहुतेक वेळ वसतिगृहातल्या मुलांबरोबर आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्यांबरोबर गेला. रात्री अभ्यास कोण घेणार, आजारी मुलाला उपकेंद्रात कोण नेणार, ही कामे गावातल्याच तरुणांनी वाटून घ्यावीत यासाठी बैठका झाल्या. याच शिबिरात एका स्थानिक पुढाऱ्याकडून सर्व स्वयंसेवकांना टी-शर्ट देण्याचा प्रस्ताव आला, अर्थात त्यांवर छायाचित्र असणार होते आणि लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. निर्णय मी युनिटवर सोडला. बराच वेळ चर्चा होऊन त्यांनी नम्रपणे नकार कळवला. ज्या आयांनी ग्रामसभेत ठराव मांडला त्यांच्यात दोन्ही गटांच्या बायका आहेत, हे कारण त्यांनी दिले. राजकारण वाईट आहे असे मी मुलांना कधीही सांगत नाही. आमच्यातली काही मुले पुढे राजकारणात जातील आणि जावीत, असे मला मनापासून वाटते. पण सेवेचे काम कोणाच्या नावावर जमा होत आहे याचे भान त्यांना असले पाहिजे.

दुसऱ्या वर्षी, २०१९च्या सप्टेंबरमध्ये, सर्वेक्षणाची जबाबदारी नव्या जोडीकडे गेली. त्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला होता आणि विधिमंडळापर्यंत गेला होता. नव्या जोडीने प्रश्नावलीत त्यासंबंधी प्रश्न घातले होते. आधीच्या वर्षीची जबाबदार मुलगी आता तिसऱ्या वर्षाला होती, तिने विचारले, “एखाद्या बाईनं हो म्हटलं, तर तिला पुढं आपण काय देणार आहोत?” कोणाकडेच उत्तर नव्हते. ते प्रश्न काढून टाकले गेले, आणि त्याऐवजी गावच्या आशाताईंच्या मदतीने, ज्यांना हवे आहे त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयात तपासणीला जाण्याची सोय केली. ज्या माहितीवर आपण काही करू शकत नाही ती माणसाकडून काढून घेऊ नये, हा विचार संशोधनाच्या पद्धतीशी पूर्णपणे जुळत नाही, याची मला जाणीव आहे. सेवेच्या कामात मात्र तोच योग्य आहे असे माझे मत झाले आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महाविद्यालय बंद झाले, स्वयंसेवक आपापल्या घरी गेले आणि गावची माणसे कारखान्यांच्या परिसरात अडकली. एप्रिलच्या मध्यावर शासनाने ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी दिली आणि गावोगावी एकच प्रश्न उभा राहिला, की कोण, कुठून, कधी येणार आणि त्यांना कुठे ठेवणार. आमच्या दत्तक गावाकडे कुटुंबनिहाय यादी होती, कारखान्याच्या नावासह आणि फोन क्रमांकासह. ती आता विद्यार्थ्यांनी केलेली नव्हती. दुसऱ्या हंगामात ती बचत गटातल्या बायकांनी केली होती, विद्यार्थ्यांनी फक्त तपासली होती. ती ग्रामसमितीला द्यावी की नाही यावरही फोनवरून विचारविनिमय झाला, कारण त्या दिवसांत बाहेरून येणाऱ्यांकडे गाव संशयाने पाहत होते. अखेर प्रत्येक कुटुंबाला फोन करून, त्यांची संमती घेऊन यादी दिली गेली. शाळेच्या खोल्या तयार ठेवल्या गेल्या, पाण्याचे टँकर सांगितले गेले. स्वयंसेवकांनी हे सगळे घरबसल्या, फोनवरून केले आणि कोणाला विचारून केले नाही. मला ते नंतर कळले.

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्यांच्या गौरवाच्या वाटा ठरलेल्या आहेत. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनासाठी निवड होते, ‘आव्हान’सारख्या राज्यस्तरीय आपत्ती व्यवस्थापन शिबिराला जाता येते, उत्कृष्ट स्वयंसेवकाचे पुरस्कार असतात. ते असावेतच; आमच्या मुलीही तिथे गेल्या आणि आत्मविश्वास घेऊन परतल्या. पण महिनोन्महिने एका अर्जामागे जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी प्रमाणपत्राचा रकाना नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता अशा कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे संख्या वाढेल. श्रेयांक सत्राच्या शेवटी द्यावे लागतात आणि गावचा प्रश्न सत्राप्रमाणे चालत नाही. तेव्हा मूल्यमापनात निकालाऐवजी कामाचे हस्तांतर तपासावे, असे मी विद्यापीठाच्या एका बैठकीत सुचवले आहे. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने पुढच्याच्या हाती काय दिले, ते वाचून त्याला पुढचे पाऊल टाकता येते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळेल.

माझी मुदत संपत आली तेव्हा, २०२१मध्ये, वही तिसऱ्या तुकडीकडे गेली. तांड्यावरची मुलगी तोवर पदवी घेऊन समाजकार्याच्या पुढील शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला गेली होती. वक्ता मुलगा तालुक्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता आणि सवड मिळेल तेव्हा नव्या मुलांचे अर्ज तपासून देत होता. वहीत त्या वेळी एक मोठी नोंद उघडी होती. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचा निर्णय त्याच वर्षी झाला होता, पण कोणती कागदपत्रे लागतील आणि नोंदणी गावात कधी होईल याविषयी गावात काहीच माहिती पोहोचली नव्हती. नव्या जोडीने आधी ग्रामपंचायतीत लेखी विचारणा केली, पोच घेतली आणि घरोघरचे कागद तपासायला जाण्यासाठी पितृपंधरवडा निवडला, कारण त्या दिवसांत परगावी कामाला गेलेली माणसेही घरी येतात आणि मुकादमाच्या गाड्या अजून लागलेल्या नसतात.